पाय टेकण्याचा प्रश्न : उंच मोटरसायकल खाली कशी आणावी, आणि किती

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मोटरसायकलच्या सीटवर बोलणार म्हटल्यावर काही जणांना घोषणेत चूक झाली असं वाटलं असेल. चूक नाही. आमची उंची पाच फूट तीन इंच. येझ्दी चालवायचो तेव्हा ती कधी आड आली नाही, कारण ती गाडीच बसकी होती. आता डांबर आणि दगडगोटे दोन्हींवर चालणाऱ्या उंच गाड्या आल्या आहेत. आमची भाची, आमच्याहूनही दोन इंच कमी, तिने स्पितीला जायचं म्हणून रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घेतली. पहिल्याच आठवड्यात फोन आला, "मामा, पाय पुरत नाहीत रे." आजचा विषय तिथून निघाला.

आधी थोडं आमच्या धंद्यातलं. प्लेटोच्या 'फीडो' या संवादात सिमियस नावाचा माणूस सॉक्रेटिसपेक्षा उंच आहे आणि फीडोपेक्षा बुटका. मग तो उंच की बुटका? वर्गात हा प्रश्न विचारला की मुलं हसायची, पण तो सोपा नाही. उंचपणा सिमियसच्या अंगात नसतो, तो दोघांच्या नात्यात असतो. तसंच कंपनी छापते '८२५ मिलिमीटर', आणि आपण समजतो की उंची कळली. पण ते नातं तिघांचं आहे : सीट, पाय आणि जमीन. यातली जमीन सगळ्यात लहरी. रस्त्याच्या कडेला डावीकडे उतार असेल तर तीच सीट दोन-तीन इंच उंच झाली. आणि गाडी पडते ती तिथेच. चालत्या गाडीला पाय लागत नाहीत हो, थांबलेल्या गाडीला लागतात.

भाचीने काय केलं? गॅरेजवाला म्हणाला, दोन इंच खाली करून देतो, तासाभराचं काम. करून दिलं. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकू लागले, ती खूश. तिसऱ्या दिवशी ताम्हिणीच्या रस्त्याला एका टपरीसमोर गाडी साइड स्टँडवर लावून ती चहा घेत होती. मागून ट्रक गेला, जमीन जरा हादरली, आणि जवळजवळ दोनशे किलोंची गाडी उजवीकडे आडवी झाली. एक मुलगा त्याच बाकावरून नुकताच उठला होता. बाक मोडला. आम्हाला हे सांगताना तिचा आवाज कापत होता.

का पडली, ते समजून घेऊ. साइड स्टँडची लांबी मूळ उंचीच्या हिशेबाने ठरवलेली असते, म्हणजे गाडी डावीकडे पुरेशी कलून उभी राहावी. गाडी खाली आली आणि स्टँड तेवढाच राहिला, की गाडी जवळजवळ ताठ उभी राहते. मग उजवीकडे पडायला ट्रक कशाला, जोराचा वारा पुरतो. स्टँड कापून, पुन्हा वेल्डिंग करून तेवढाच आखूड करावा लागतो. गॅरेजवाल्याने ते केलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

आता त्याने केलं काय होतं? मागचं चाक धरणारा जो स्विंगआर्म, ज्याला आपले मेकॅनिक चिमटा म्हणतात, तो आणि शॉकअप यांच्यामध्ये या गाडीत एक छोटी तरफ असते. तिला जोडणाऱ्या पट्ट्या असतात. त्या मूळच्यापेक्षा थोड्या लांब घातल्या की चाक चौकटीकडे वर सरकतं, म्हणजे गाडी मागून खाली बसते. तरफ असल्यामुळे पट्टीतले थोडे मिलिमीटर सीटपाशी इंच होतात. काम स्वस्त आहे. पण शॉकअप तोच राहिला, त्याचा दट्ट्या पूर्वीइतकाच आत जातो. म्हणजे मोठ्या खड्ड्यात चाक पूर्वीपेक्षा दोन इंच वर पोचणार, आणि तिथे मडगार्ड आहे. हिमालयनच्या पोटाखाली २३० मिलिमीटर मोकळी जागा आहे, तीही घटली. स्पितीतल्या नाल्यांत ज्या दगडांवरून जायला ही जागा ठेवली होती, त्यातले काही आता इंजिनाखालच्या पत्र्याला लागणार.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. फक्त मागची बाजू खाली गेली की पुढचा फोर्क मागे कलतो. आरामखुर्चीची पाठ एक खाच मागे टाकल्यासारखं. मग गाडी सरळ रस्त्यावर स्थिर वाटते, पण वळायला जड होते. घाटाच्या हेअरपिनवर ती बाहेर-बाहेर जाते. भाची म्हणाली होती, "घाटात गाडी ऐकत नाही." आम्हाला वाटलं सवय नाही. सवयीचा प्रश्न नव्हताच. हेडलाइटही झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. मागे पट्ट्या बदलल्या तर पुढचे पाइप 'टी'मध्ये थोडे वर सरकवून आवळावे लागतात, म्हणजे दोन्ही बाजू बरोबरीने उतरतात. ते करतानाही पुढचं चाक पूर्ण दबल्यावर कुठे घासत नाही ना, हे पाहायचं. चेनचा ताणही पुन्हा तपासायचा, कारण चिमट्याचा कोन बदललेला असतो.

काही कारखान्यांनी हा विचार आधीच केलेला आहे. सुझुकीची डीआर ६५० घ्या, आपल्याकडे विकली जात नाही. तिची सीट ८८५ मिलिमीटर, पण शॉकअपला खाली बसवण्याची दुसरी जागा आणि फोर्कच्या आतला स्पेसर हलवण्याची सोय मुळातच दिलेली आहे. सीट सुमारे ४० मिलिमीटर उतरते, पुढून आणि मागून दोन्हीकडून. याला म्हणतात विचार.

मग बुटक्या माणसाने सुरुवात कुठून करावी? आमचं मत स्पष्ट आहे : जे परत फिरवता येतं तिथून. पहिली सीट. हिमालयनची सीट ८२५ आणि ८४५ अशा दोन उंचींवर बसते. पुष्कळ लोक ती कुठे बसवली आहे हे पाहतसुद्धा नाहीत. कंपनीची कमी उंचीची सीट वेगळी मिळते, ती ८०५ वर येते. आणि उंचीइतकीच रुंदी पाहा. सीट पुढच्या टोकाशी रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय तिथेच आखूड होतो. चांगला सीटवाला पुढच्या कडा तासून देतो. फोमची जाडी फारशी न काढताही पाय खाली पोचतो. फोम फार काढला तर शंभर किलोमीटरनंतर पाठ हिशेब मागते, आणि गुडघेही जास्त दुमडतात. जाड तळव्याचे बूट घालावेत, त्यात लाज कसली?

दुसरी गोष्ट शॉकअपची, आणि आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित. बुटका माणूस बहुधा हलकाही असतो. भाची पन्नास किलोंची. जाडजूड माणूस बसला की स्प्रिंग दबते आणि गाडी आपोआप खाली येते. हिच्या वजनाने ती दबतच नाही. म्हणजे पाय आखूड आणि वर गाडीही उंच, दोन्हीकडून मार. सर्वसाधारण ठोकताळा असा, की चालक बसल्यावर चाकाच्या एकूण हालचालीपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास शॉकअप दबावा. हिमालयनच्या मागच्या चाकाची हालचाल २०० मिलिमीटर, म्हणजे साठ-पासष्ट. आम्ही टेप घेऊन मोजलं. तिघं लागतात : एक गाडी सरळ धरायला, एक हेल्मेट-बूट-जॅकेटसकट बसायला, एक मोजायला. चाकाच्या आसापासून वरच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत मोजायचं, आधी चाक हवेत लोंबकळत असताना, मग चालक बसल्यावर. फरक निघाला बेचाळीस. स्प्रिंगचा प्रीलोड सैल केल्यावर झाला अठ्ठावन्न. सीट दोन चाकांच्या मध्ये असल्यामुळे तिच्यापर्यंत यातलं सगळं पोचत नाही, पण सेंटिमीटरभर सहज मिळालं. हे कुठून उसनं घेतलेलं नाही, तिच्या वजनाला जे मिळायला हवं होतं तेच मिळालं. मात्र सामान किंवा मागे माणूस असेल तेव्हा पुन्हा आवळायचं, हे विसरू नये.

कायद्याचं थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. चौकटीला कापाकापी तर नकोच. वॉरंटीचं काय होईल ते कंपनीच्या केंद्राकडून आधी लेखी घ्या.

शेवटी समोर बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "सर, पण दोन्ही पाय सपाट टेकायलाच हवेत ना?" नाही. आमचं उत्तर नाही असं आहे. एक पाय पुरतो, पण पूर्ण. थांबताना कंबर सीटवरून डावीकडे सरकवायची, डावा तळवा सपाट, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. थांबायची जागा आधी हेरायची, खड्डा आणि उतार उजवीकडे येऊ द्यायचा. मोकळ्या मैदानात पन्नास वेळा करून पाहा, इंजिन बंद ठेवून.

भाचीने मूळ पट्ट्या परत बसवून घेतल्या. आता कमी उंचीची सीट आहे, जुळवलेली स्प्रिंग आहे. गेल्या सप्टेंबरात तिचा काझाजवळून फोटो आला. डावा पाय रस्त्याकडेच्या एका दगडावर आहे. उजवा दिसत नाही, तो ब्रेकवर असावा.