हाताची घडी, पाण्यावर बोट!

वेगासाठी बोट रुंद हवी आणि रस्त्यासाठी अरुंद. फोल्डिंग ट्रायमरानने हे दोन्ही कसं जमवलं?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे तुम्ही ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये एकदा तरी ऐकलं असेलच. हिंजवडी असो की अंधेरी, टीममध्ये एखादा परभणीकर असतो आणि तो हे ऐकवल्याशिवाय राहत नाही. त्याला विचारा, 'तुमच्याकडे बोटींची रेस होऊ शकेल?' आधी तो हसेल. समुद्र कुठे, परभणी कुठे! मग जरा डोकं खाजवेल आणि म्हणेल, 'अरे, येलदरी आहे ना!' जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर बांधलेलं येलदरी हे मराठवाड्यातल्या मोठ्या धरणांपैकी एक. म्हणजे पाणी आहे, वाराही आहे. तरी शिडाची रेसिंग बोट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते गेटवे, एखादा बडा क्लब आणि बापाचा पैसा!

हा समज मोडायला एक बोट चांगली मदत करते. ती १९८५ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. नाव एफ-२७. लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, आत झोपायला जागा, छोटंसं किचन आणि स्पीड रेसिंगचा. सगळ्यात भन्नाट गोष्ट म्हणजे तिची चक्क घडी होते.

तीन कशाला?

शिडात वारा भरला की बोट एका बाजूला कलते. साधी बोट उलटू नये म्हणून तिच्या तळाला शिशाचं किंवा लोखंडाचं वजन लावतात. बोट तोल सांभाळते खरी, पण हे ओझं कायम बरोबर वाहायचं. ट्रायमरान तेच काम रुंदीने करते. मध्ये एक अरुंद मुख्य बोट आणि दोन्हीकडे आडव्या दांड्यांवर एकेक छोटा फ्लोट. कोकणातल्या होडीला एका बाजूला उलांडी असते ना, तसंच, फक्त इथे दोन्हीकडे. ओझं गेलं, बोट सडपातळ झाली, पाणी झपकन कापलं जातं. याच लांबीची साधी बोट सहा-सात नॉटला दमते, तर एफ-२७ चांगल्या वाऱ्यात पंधरा नॉटच्या पुढे जाते. म्हणजे ताशी २८ किलोमीटर, इंजिनाशिवाय!

मोठ्या समुद्रातलं उदाहरण बघा. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून नौदलाच्या अभिलाष टॉमीने २०१२-१३ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याला सुमारे पाच महिने लागले. फ्रान्सच्या फ्रान्स्वा गाबारने २०१७ मध्ये तेच ४२ दिवस १६ तासांत केलं. त्याच्याकडे ३० मीटरची ट्रायमरान होती. तुलना तंतोतंत नाही. 'म्हादेई' १७ मीटरची, लांब पल्ल्याची दणकट बोट, तर गाबारची निव्वळ विक्रमासाठी बनवलेली. पण रुंदी आणि हलकेपणा काय करू शकतात, ते यातून कळतं.

खरी अडचण रस्त्यावर

जी रुंदी वेग देते तीच बोटीला बंदरात बांधून ठेवते. एफ-२७ पाण्यावर जवळजवळ पावणेसहा मीटर रुंद. ती रस्त्यावरून नेणार कशी? न्यूझीलंडचा डिझायनर इयान फॅरियर (१९४७-२०१७) याने १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात राहून नेमका हाच प्रश्न सोडवला. त्याने दांड्यांना बिजागऱ्या आणि आधाराच्या पट्ट्या अशा बसवल्या, की बोल्ट सैल केला की फ्लोट खाली आणि आत येऊन मुख्य बोटीला बिलगतो. हे काम पाण्यावरच होतं आणि एकटा माणूस ते करू शकतो. घडी घातलेल्या एफ-२७ची रुंदी साधारण २.६ मीटर. आपल्या मोटार वाहन नियमांतली वाहनाच्या रुंदीची मर्यादाही तेवढीच! डोलकाठी आडवी करायची, बोट ट्रॉलीवर चढवायची आणि निघायचं. उसाच्या ट्रॉल्या बघत मोठा झालेला माणूस याला जड म्हणणार नाही.

आणखी एक फायदा. तळाचं पातं वर ओढलं की या बोटीला फूट-सव्वाफूट पाणी पुरतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकणाऱ्या धरणांसाठी हे फार कामाचं.

पण सांभाळून, बॉस!

तळाला वजन असलेली बोट आडवी झाली तरी बहुतेक वेळा परत उभी राहते. ट्रायमरान एकदा पूर्ण पालथी झाली, की स्वतःहून सरळ होत नाही. ती सहसा बुडत नाही, तरंगत राहते; पण तुम्ही पाण्यात! म्हणून वारा वाढायच्या आधी शीड कमी करायचं आणि लाइफ जॅकेट काढायचं नाही. ही शिस्त एका वीकेण्डला येत नाही. सुरुवात करायची ती छोट्या डिंगीवर, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली.

आणि त्यासाठी समुद्रच लागतो, असं कुठाय? पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे कॅडेट शिडाची बोट चालवायला शिकतात. मध्य प्रदेशला तर समुद्रकिनाराच नाही. तिथल्या देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली आणि २०२३च्या हांगचौ एशियाडमध्ये डिंगी शर्यतीचं रौप्यपदक घेऊन आली. तिला लागलं काय? तलाव, लहान बोट आणि शिकवणारं कुणीतरी. यातला तलाव येलदरीत आहेच. उरलेल्या दोन गोष्टी रस्त्यावरून आणता येतात.

फॅरियरने समुद्र जवळ आणला नाही, त्याने बोट गाडीमागे जोडण्याएवढी केली. आपल्या गावात समुद्र नाही म्हणून हाताची घडी घालून गप्प बसायचं, हे शाळेत ठीक होतं. आता घडी बोटीची घालायची!