खून कोणी केला, ते सांगू नकोस हं!

मैत्रिणींनो, रहस्यकथा म्हणजे पुरुषांनी प्रवासात वाचायचं पुस्तक, असं अजूनही कोणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्या मानोऱ्यात एकदा भिशीला यावं. पैसे मोजून होतात, चहा होतो आणि मग पर्समधून पुस्तकं बाहेर निघतात. नियम एकच. पुस्तक द्यायचं, पण शेवट सांगायचा नाही!

आमच्यातल्या ज्येष्ठ काकूंचा जीव अजून बाबूराव अर्नाळकरांत अडकलेला. हजारावर रहस्यकथा लिहिणारे अर्नाळकर १९९६ मध्ये गेले. पण झुंजार आणि काळापहाड काकूंच्या लेखी अजून जिवंत आहेत. लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलेत त्यांनी! त्यांच्या नंतरच्या पिढीला सुहास शिरवळकरांनी वेड लावलं. 'दुनियादारी'मुळे ते सगळ्यांना ठाऊक, पण आमच्या एका वहिनींना विचाराल तर बॅरिस्टर अमर विश्वासपुढे सारे फिके.

शाळेत शिकवणाऱ्या एक ताई मात्र अगाथा ख्रिस्तीच्या भक्त. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाई दवाखान्यात औषधं देण्याचं काम करायच्या. विषांची माहिती तिथंच झाली आणि १९२० मध्ये पहिली कादंबरी आली. त्यांची मिस मार्पल ही खेड्यात राहणारी, विणकाम करणारी म्हातारी. पोलिसांना जे दिसत नाही ते हिला दिसतं. का, तर आयुष्यभर माणसं बघितलेली! ताईंचं म्हणणं असं की, आपल्या गल्लीतही एखादी मिस मार्पल असतेच. कोणाकडे दूध कमी आलं, कोणाचा दिवा उशिरापर्यंत जळत होता, तिला सगळं ठाऊक. आपण तिला 'भोचक' म्हणतो, एवढंच.

नव्या थरारक कादंबऱ्यांवर मात्र आमच्यात चांगलीच जुंपते. तूर निवडता निवडता मोबाइलवर पुस्तकं ऐकणाऱ्या एका मैत्रिणीनं परवा तक्रार केली, "काहून बाई दर वेळी पहिल्याच पानावर तरणीताठी पोरगीच मरते? मेली ते बी बाई, अन् चौकशी बी तिच्याच चारित्र्याची?" सगळ्या गप्प झाल्या. खरंच आहे. ती कोणाशी बोलायची, रात्री बाहेर का गेली, हेच आधी विचारलं जातं. पुस्तकातही आणि बाहेरही.

म्हणूनच जपानी लेखक केगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' सगळ्यांना वेगळी वाटली. यावरच २०२३ मध्ये करीना कपूरचा 'जाने जान' आला. इथे खून कोणी केला हे सुरुवातीलाच कळतं. सोडून दिलेला नवरा पैशासाठी पुन्हा दारात येतो, झटापट होते आणि मायलेकींच्या हातून तो मरतो. शेजारचा गणिताचा मास्तर ते लपवायला निघतो. पुढचं सांगत नाही, नियम आहे ना!

"बरोबर केलं तिनं," असं अर्ध्या जणी ठामपणे म्हणाल्या. ताईंना ते पटेना. जीव घेणं बरोबर कसं? पण त्याआधी तिला मदत मागायला जागा होती का, हा त्यांचा खरा प्रश्न. गंमत बघा, ही कादंबरी जपानमध्ये २००५ ची. आपला घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदाही २००५ चाच. २००६ च्या ऑक्टोबरपासून तो लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, राहत्या घरातून बाईला हाकलता येत नाही, आणि त्रास देणाऱ्याला दूर राहण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं. १८१ हा मदतीचा फोन नंबर आहे. पंधरा जणींपैकी हे किती जणींना माहीत होतं? फक्त तिघींना! अर्नाळकरांचे नायक मात्र तोंडपाठ.

त्या दिवशी भिशीच्या वहीत मागच्या पानावर १८१ मोठ्या अक्षरात लिहिला गेला. रहस्यकथेनं मन रमवावंच, झोप उडवावीच. पण अशी एखादी जरुरीची गोष्ट जाता जाता कानावर घालून गेली, तर वाईट काय?

तुम्ही सध्या कोणती रहस्यकथा वाचताय? जरूर कळवा. फक्त शेवट तेवढा सांगू नका!