गाडी चालवणाऱ्याचे डोळे कोण तपासणार?

आमच्या वस्तीतल्या एका रिक्षावाल्या काकांनी अंधार पडल्यावर रिक्षा काढणे बंद केले. वय ५५. कुणी विचारले की म्हणायचे, "आता रात्रीचं झेपत नाही." खरे कारण त्यांनी घरातही सांगितले नव्हते. समोरून गाडी आली की तिच्या दिव्याचा उजेड डोळ्यांपुढे पसरायचा आणि काही क्षण रस्ताच दिसायचा नाही. डॉक्टरकडे जायला ते तयार नव्हते. "डोळ्यात दोष निघाला तर लायसन जाईल, बॅज जाईल. मग घर कोण चालवणार?" शेवटी मुलीने हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेले. मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काका पुन्हा रिक्षा चालवू लागले.

वाहनचालकांची डोळ्यांची आणि तब्येतीची तपासणी ठरावीक काळाने सक्तीची असावी का, या प्रश्नाकडे आम्ही काकांच्या या भीतीपासून पाहतो. कारण रिक्षा, टेम्पो, घंटागाडी, स्कूलबस चालवणारी माणसे आपल्याच घरातली आहेत. आणि फूटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेने शाळेत जाणारी लेकरेही आपलीच आहेत.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसे गेली. सरकारी नोंदींत सर्वांत मोठे कारण म्हणून भरधाव वेग दाखवला जातो आणि ते खरेच आहे. पण समोरचा माणूस उशिरा दिसला म्हणून ब्रेक उशिरा लागला, ही गोष्ट त्या नोंदीत सहसा येत नाही.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात बदल झाला. त्यानुसार तिशीच्या आत खासगी वाहनाचे लायसन काढले तर ते वयाच्या ४० वर्षांपर्यंत चालते. ३० ते ५० या वयात काढले तर १० वर्षे. माल किंवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनांचे लायसन ५ वर्षांचे असते. पूर्वी ते ३ वर्षांचे होते. म्हणजे मुदत वाढली आणि तपासणीची वेळ लांबली. वाहतुकीची गाडी चालवणाऱ्यांना आणि चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचा दाखला, म्हणजे फॉर्म १-ए, जोडावा लागतो. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, हे त्यात डॉक्टरांनी लिहून द्यायचे असते. बाकीच्यांना स्वतःच लिहून दिले की पुरते.

कागदावर हे ठीक आहे. पण वाचकहो, हा दाखला कसा मिळतो हे आपल्यालाही ठाऊक आहे. अनेक ठिकाणी एजंट फॉर्म घेऊन जातो आणि सही-शिक्का होऊन येतो. ज्याचे डोळे तपासायचे तो माणूस डॉक्टरांसमोर बसलेलाच नसतो. अशा दाखल्याने पादचाऱ्याचे रक्षण होत नाही आणि चालकाचा आजारही वेळेवर कळत नाही.

आणि आजार गुपचूप येतात. मोतीबिंदूत उजेड पसरतो, रात्री त्रास जास्त होतो. काचबिंदूत दुखत नाही, खुपत नाही, पण बाजूची नजर हळूहळू कमी होत जाते. समोरची अक्षरे नीट वाचता येतात म्हणून माणूस निर्धास्त असतो, आणि डाव्या हाताने धावत आलेले मूल त्याला दिसतच नाही. मधुमेहात डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि बरेच नुकसान होईपर्यंत त्रास जाणवत नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टीही मंदावली होती, हे आपण वाचलेले आहे. म्हणून साखर असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. त्या तपासणीत डोळ्यांत थेंब टाकतात आणि काही तास धूसर दिसते. त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

साखरेचा दुसरा धोका लगेचचा आहे. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी गाडीवर बसले की साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी गाडी ताबडतोब बाजूला घ्यावी, तीन-चार चमचे साखर पाण्यातून प्यावी, मग काहीतरी खावे. पूर्ण बरे वाटल्यावरही पाऊण तास तरी थांबावे. खिशात साखरेची पुडी ठेवायला विसरू नये.

झोपेचेही तसेच. मोठ्याने घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत अडकत असू शकतो. त्याने डॉक्टरांना सांगावे. सर्दी-खाजेच्या अनेक गोळ्यांनीही झोप येते. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास काम ठरवून दिले. मालक सोळा तास गाडी चालवून घेत असेल, तर नुसते चालकाचे डोळे तपासून काय होणार?

म्हणून आमचे म्हणणे असे : तपासणी हवीच, पण ती चालकाला पकडण्यासाठी नको, त्याला बरे करण्यासाठी हवी. चाळिशीनंतर वाहतुकीच्या चालकाची तपासणी दरवर्षी व्हावी. ती स्टँडवर, डेपोत, वस्तीत यावी. त्या दिवसाची मजुरी बुडू नये. नंबर निघाला तर चष्मा तिथेच मिळावा, मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशनची तारीख मिळावी आणि बरा होईपर्यंत त्याचे काम राखून ठेवावे. रोजी जाण्याची भीती असेल तोवर माणूस आजार लपवणारच.

यातली बरीचशी भीती गैरसमजातून येते. चष्मा लागला म्हणून लायसन जात नाही, चष्मा लावून चालवता येते. रंग ओळखण्यात सौम्य किंवा मध्यम दोष असला तरी २०२० पासून लायसन मिळू शकते. मात्र काही वेळा गाडी सोडावीच लागते, हेही आम्ही लपवणार नाही. फिट येत असतील किंवा नजर इतकी गेली असेल की उपचारानेही सुधारत नाही, तर स्टिअरिंगवर बसू नये. अशा वेळी घरच्यांनी त्या माणसाला टोमणे मारू नयेत. दुसरे काम शोधायला सगळ्यांनी हातभार लावावा.

सरकारी नियम बदलेपर्यंत थांबायचे कारण नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या अंगणातच सुरुवात करू. उभी असलेली एखादी गाडी घ्या आणि तिच्यापासून २५ मीटर, म्हणजे साधारण ३३-३५ पावले, दूर उभे राहा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. नंबरप्लेट वाचा. मग दुसरा डोळा. चष्मा असेल तर लावूनच वाचा. पण जवळचे वाचायला घेतलेला रेडिमेड चष्मा लावून गाडी चालवू नका, त्याने दूरचे धूसर दिसते. एका जरी डोळ्याने वाचता आले नाही तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. नीट वाचता आले तरी चाळिशीनंतर काचबिंदूची तपासणी करून घ्या, कारण तो नंबरप्लेटने कळत नाही.

तीस वर्षांवरील माणसांचे बीपी आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. मोतीबिंदूचे ऑपरेशनही सरकारी रुग्णालयात मोफत होते.

माता-भगिनींना एक विनंती. घरातला माणूस संध्याकाळची गाडी टाळू लागला, पायरीवर अडखळू लागला, किंवा मोबाइल लांब धरून वाचू लागला, तर ते सगळ्यात आधी तुमच्याच लक्षात येते. रागावू नका. आमच्या काकांच्या मुलीसारखे हाताला धरून दवाखान्यात घेऊन जा.