घरजावयाचा सूड

दुर्बळाने बलवंताचा सूड घ्यावा, ही कथा मनुष्याला फार पुरातन काळापासून प्रिय आहे. तिचा आजचा अवतार मात्र तळहातावर मावणारा आहे. चीनमध्ये मोबाइलच्या उभ्या पडद्यासाठी एकदोन मिनिटांच्या भागांची नाटके तयार होतात. एका नाटकाचे बहुधा ६० ते १०० भाग असतात. झेजियांग प्रांतातील हेंगदियान हे चित्रपटनिर्मितीचे प्रसिद्ध गाव. नावातील 'हेंग' म्हणजे आडवे. परंतु तेथे या नाटकांचे चित्रण इतके वाढले की लोक थट्टेने त्याला 'शुदियान' म्हणू लागले. 'शु' म्हणजे उभे! २०२४ साली या धंद्याची उलाढाल सुमारे ५० अब्ज युआन झाली आणि तिने त्या देशातील चित्रपटांच्या तिकीटविक्रीलाही मागे टाकले.

या लोकप्रियतेचे मर्म कशात आहे? एक ठरीव कथानक घेऊ. नायक घरजावई. सासू त्याला घरगड्यासारखे राबवते, मेहुणे चारचौघांत हिणवतात, तो मुकाट्याने सोसतो. ऐन अपमानाच्या क्षणी भाग संपतो. प्रारंभीचे भाग फुकट. पुढचे पाहावयाचे तर पैसे मोजावेत किंवा जाहिराती सोसाव्यात. अखेरीस उघड होते की हा तर कुबेराचा वारस, किंवा अज्ञातवासात राहिलेला सेनापती! सासरची मंडळी पांढरीफटक पडतात. प्रेक्षकाला जो गारवा लाभतो, त्याला चिनी भाषेत 'शुआंग' म्हणतात.

या प्रेक्षकाला हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. साहेबाने चारचौघांत काढलेले वाभाडे, घरमालकाचा उर्मट शब्द, लग्नघरी श्रीमंत नातलगांनी दाखविलेली जागा, या साऱ्यांचे उत्तर बहुतेकांना जन्मभर देता येत नाही. तो थकलेला हिशेब येथे दोन मिनिटांत चुकता होतो.

तो खरोखर चुकता होतो काय, हा मात्र प्रश्न आहे. नायक मुळी दुर्बळ नव्हताच! सासरच्यांचा अपराध गरिबाला तुडविल्याचा ठरत नाही. श्रीमंताला ओळखले नाही, एवढाच ठरतो. तो खरोखरच निर्धन असता तर? त्या प्रश्नाला हे कथानक स्पर्शच करीत नाही. २०२२-२३ मध्ये चिनी सरकारने तीन महिन्यांच्या मोहिमेत अश्लीलता, हिंसा वगैरे कारणांवरून अशी २५ हजारांहून अधिक नाटके काढून टाकली. परंतु कात्रीने दृश्ये कापता येतात, मनातील सल कापता येत नाही.

त्याच देशाच्या इतिहासात सिमा छियान याने हान शिनची हकीकत लिहून ठेवली आहे. हा तरुण खरोखरच दरिद्री होता. कपडे धुणाऱ्या एका म्हातारीने त्याला कित्येक दिवस जेवू घातले. एका गुंडाने त्याला भरबाजारात आपल्या दोन पायांमधून रांगावयास लावले. कमरेला तलवार असूनही तो रांगला. पुढे स्वपराक्रमाने तो सेनापती झाला आणि इ. स. पू. २०२ मध्ये छू प्रांताचा राजा होऊन परतला. त्याने म्हातारीला हजार मोहरांएवढे धन दिले; गुंडाला मारले नाही, उलट आपल्या पदरी अधिकारी नेमले.

येथेही शुआंग आहे, पण निराळा. राजाने प्रथम आठवण ठेवली ती अन्नाची. त्या म्हातारीने वाढले तेव्हा समोरचा भुकेला पुढे राजा होणार आहे, हे तिला ठाऊक नव्हते. ज्या घरात व कचेरीत निर्धनालाही तिच्यासारखे वागविणारे कोणी असेल, तेथे घरजावयाच्या सुडाची गोडी आपोआप कमी होईल, असे आम्हांस वाटते.