मोबाईल वारंवार बिघडतो? प्रत्येक खेपेची पावती मागा!



तोरणमाळच्या एका शेतकऱ्याने परवा आपला मोबाईल माझ्यापुढे ठेवला. "साहेब, घेऊन आठ महिने झाले. तीनदा शहाद्याला नेला. चार दिवस चालतो, परत बंद पडतो." मी विचारले, "तिन्ही वेळच्या पावत्या कुठे आहेत?" "एकच आहे. दोनदा तसाच करून दिला, पैसेबी घेतले नाहीत." फुकटात काम झाले म्हणून गडी खूश होता. पण खरी मेख तिथेच आहे.

तोरणमाळहून घाट उतरून शहादा सुमारे ५५ किलोमीटर. एक खेप म्हणजे एसटीचे भाडे आणि एक दिवसाची मजुरी गेली. शिवाय मोबाईल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, टेंभली गावी दिले गेले. २०२१ पासून ई-पीक पाहणीही मोबाईलवर आली. नेमक्या त्या दिवसांत फोन बंद पडला तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद कशी लागणार?

बियाणे उगवले नाही की आम्ही आधी पिशवी, लेबल आणि पावती मागतो. मोबाईलचेही तसेच आहे. वॉरंटी ही ठरावीक मुदतीची लेखी हमी असते. साधारणपणे मोबाईलला एक वर्ष आणि चार्जरला त्याहून कमी मुदत असते. पाणी गेले, पडून फुटला किंवा बाहेरच्या कारागिराने उघडला, तर कंपनी सहसा जबाबदारी नाकारते. म्हणून वॉरंटीच्या मुदतीत फोन अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच दाखवावा.

एवढे लक्षात ठेवा :

१) खरेदीचे पक्के बिल घ्या. त्यावर तारीख आणि फोनचा आयएमईआय क्रमांक हवा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की हा क्रमांक दिसतो. बिलाशी ताडून पाहा. खोकेही जपून ठेवा.

२) दर खेपेला जॉबशीट मागा. त्यावर बिघाड, फोन जमा केल्याची व परत मिळाल्याची तारीख आणि बदललेला भाग लिहून घ्या. फुकट दुरुस्ती झाली तरी कागद घ्याच. कागद नसेल, तर तोच बिघाड पुन्हा पुन्हा झाला हे सिद्ध करणे कठीण जाते.

३) तोच दोष परत आला तर दुकानदार आणि कंपनी या दोघांना लेखी कळवा. फोन बदलून द्या किंवा पैसे परत करा, असे स्पष्ट लिहा. मुदत संपण्याच्या आत कळवणे चांगले.

४) तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

त्यानेही भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे नंदुरबारलाच, तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो की दिल्लीत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. दोष सिद्ध झाला तर दुरुस्ती, नवीन वस्तू, पैसे परत किंवा नुकसानभरपाई असा आदेश आयोग देऊ शकतो. तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते.

गावपातळीवरील अधिकारी-कर्मचाऱ्यांना विनंती, की ग्रामसभेत ही माहिती जरूर सांगावी. ज्याला लिहिता येत नाही, त्याला अर्ज लिहून द्यावा.

त्या शेतकऱ्याला मी सांगितले, "दादा, चौथ्यांदा जाल तेव्हा कागद घेतल्याशिवाय परत येऊ नका. आणि आधीच्या दोन खेपांची नोंदही त्यांच्याकडून लिहून मागा." तुम्हीही तेच करा. फोन दुरुस्त होईल न होईल, हक्काचा कागद मात्र आपल्या हातात असू द्या.