बिनतारी हेलिकॉप्टर : नव्या यंत्राची प्रतीक्षा



विद्यार्थी परीक्षेच्या निकालाची वाट पाहतो, शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो, हें आपल्या परिचयाचें आहे. पण जर्मनी, इटली, जपान, तैवान, अमेरिका ह्या देशांत, आणि थोड्या प्रमाणांत आपल्याकडेहि, हौशी लोकांचा एक वर्ग असा आहे कीं, तो एका लहानशा उडत्या यंत्राची तितक्याच उत्कंठेनें वाट पाहत असतो. हें यंत्र म्हणजे जमिनीवर उभें राहून, हातांतील बिनतारी पेटीनें उडवावयाचें नमुन्याचें हेलिकॉप्टर. एखाद्या कारखान्यानें आपल्या नव्या यंत्राचें नुसतें अर्धवट छायाचित्र प्रसिद्ध केलें, कीं त्यावरून महिनोन्‌महिने तर्क चालतात. पातीं किती लांब असतील? शेंपटाकडे शक्ति पट्ट्यानें जाईल कीं दांड्यानें? वजन मागच्यापेक्षां किती कमी असेल?

ह्या उत्कंठेंत तथ्य किती, नवें यंत्र जुन्याहून कशांत सरस असतें, आणि घरांतील मुलानें अशा यंत्राचा हट्ट धरला तर वडीलधाऱ्यांनीं काय पाहावें, ह्याचा विचार आज आपण करणार आहों.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. नमुना म्हणजे मोठ्या यंत्राची नुसती नक्कल, असें पुष्कळांना वाटतें. हेलिकॉप्टरच्या बाबतींत क्रम उलटा आहे. फ्रान्समधील आल्फोन्स पेनो ह्यानें १८७० सालीं पीळ दिलेल्या रबरावर उडणारें चिमुकलें हेलिकॉप्टर केलें. त्याच धर्तीचें एक खेळणें १८७८ सालीं अमेरिकेंतील एका धर्मोपदेशकानें आपल्या दोन मुलांना आणून दिलें. मोठा अकरा वर्षांचा विल्बर आणि धाकटा सात वर्षांचा ऑर्व्हिल. हेच पुढें विमानाचे जनक राइट बंधु. मनुष्याला घेऊन नीट उडणारें हेलिकॉप्टर मात्र फार उशिरां आलें. ईगॉर सिकोर्स्की ह्याचें ‘व्हीएस-३००’ हें यंत्र १४ सप्टेंबर १९३९ रोजीं दोरांनीं जखडलेल्या स्थितींत जमिनीवरून उचललें गेलें, आणि १३ मे १९४० रोजीं तें मोकळेपणीं उडालें.

इतका उशीर कां लागला? वर उचलण्याची शक्ति मिळविणें हा प्रश्नाचा अर्धाच भाग होता. माथ्यावरचीं पातीं एका दिशेनें फिरूं लागलीं, कीं खालचें धड उलट दिशेनें फिरूं पाहतें. हें आवरण्याकरितां शेंपटाच्या टोकाशीं एक लहान उभें चक्र लावावें लागतें. दुसरा प्रश्न दिशेचा. पुढें जावयाचें तर मागच्या बाजूस उचल अधिक पाहिजे आणि पुढच्या बाजूस कमी. म्हणजे प्रत्येक पात्यानें एका फेऱ्यांत एकदां आपला कल वाढविला पाहिजे आणि एकदां कमी केला पाहिजे. हें काम मुख्य आंसाभोंवतीं बसविलेली एक कलती तबकडी करते. त्यांतहि एक गोम आहे. फिरणाऱ्या भोवऱ्याला एका बाजूस ढकललें, तर तो त्या बाजूस न कलतां पाव फेऱ्यानें पुढच्या बाजूस कलतो. पात्यांचेंहि तसेंच होतें. म्हणून जेथें परिणाम हवा, त्याच्या पाव फेरा आधींच पात्याचा कल बदलावा लागतो.

मोठें हेलिकॉप्टर उडूं लागल्यावर त्याचा बिनतारी नमुना उडावयास आणखी जवळजवळ तीस वर्षें लागलीं. कारण, लहान वस्तु चपळ असते. मोठें यंत्र सावकाश कलतें, त्यामुळें वैमानिकाला तें सांवरण्यास अवधि मिळतो. लहान यंत्र डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच उलटें होतें. शिवाय वैमानिक आंत बसलेला नसल्यामुळें अंगाला कलाची जाणीव होत नाहीं. जें काय कळावयाचें तें दुरून, डोळ्यांनीं. जर्मनींतील अभियंते डीटर श्लूटर ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा प्रश्न सोडविला, आणि १९७० सालीं त्यांच्या यंत्रानें सुमारें अठ्ठावीस मिनिटें हवेंत राहून व साडेअकरा किलोमीटर अंतर तोडून विश्वविक्रम केले. यंत्राचा अवखळपणा कमी करण्याकरितां मुख्य पात्यांशीं काटकोनांत एक तोलदांडी बसवीत. बेल आणि हिलर ह्या अमेरिकन कंपन्यांच्या मोठ्या हेलिकॉप्टरांतून ही युक्ति आली होती. ती दांडी भोवऱ्याप्रमाणें आपली पातळी सोडावयास नाखूष असे, आणि वाऱ्याचा झोत आला तरी पात्यांना सांवरून धरी.

ह्या पुढच्या पन्नास वर्षांत जीं नवीं यंत्रें आलीं, त्या सर्वांच्या मुळाशीं एकच ध्येय आहे. बोटाची हालचाल आणि पात्याची हालचाल ह्यांमधील अंतर कमी करावयाचें. बोटानें आज्ञा दिली, कीं यंत्रानें ती तत्क्षणीं, कमी नाहीं जास्त नाहीं, अशी पाळावयाची. नव्या यंत्राची प्रतीक्षा करणारा जाणता मनुष्य ह्याच गोष्टीची प्रतीक्षा करीत असतो. रंगाची आणि आकाराची मोहिनी त्याला नसते असें नव्हे, पण ती दुय्यम.

ह्या ध्येयाच्या आड तीन गोष्टी येतात. शक्तीची उणीव, सांगाड्याचा लवचिकपणा आणि तोलदांडीचा आळस. त्या कशा दूर झाल्या, तें पाहूं.

शक्तीची गोष्ट आधीं घेऊं. पूर्वीं हीं यंत्रें मेथॅनॉलवर चालणाऱ्या लहान एंजिनांनीं उडत. आज मोठ्या यंत्रांत बहुधा लिथियमची बॅटरी आणि बिनब्रशाची विजेची मोटर असते. ज्याचीं पातीं ७०० मिलिमीटर लांब आहेत, असें एक यंत्र घेऊं. त्याचें वजन साधारण पांच किलो. बॅटरी ४४ व्होल्टची, ५ अँपिअर-तासांची. हिशेब केला तर तिच्यांत सुमारें २२० वॉट-तास एवढी ऊर्जा सांठलेली असते. तेवढ्यांत आपली घरची १००० वॉटची इस्त्री तेरा मिनिटें चालेल. हें यंत्र तिचा चार-पंचमांश भाग चार-साडेचार मिनिटांत संपवितें. म्हणजे सरासरी तीन अश्वशक्तींहून अधिक, आणि गिरकी घेतांना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट. विहिरीवरचा पाण्याचा पंप ज्या शक्तीवर चालतो, ती शक्ति हातानें सहज उचलतां येणाऱ्या ह्या यंत्रांत असते.

इतकी शक्ति आली म्हणजे सांगाड्याची परीक्षा सुरू होते. पातीं मिनिटाला २००० फेरे घेऊं लागलीं, म्हणजे त्यांच्या टोकाचा वेग ताशीं सुमारें ६०० किलोमीटर होतो. एकेका पात्याचें वजन सुमारें २०० ग्रॅम, पण त्या वेगांत तें मध्यभागाला साडेतीनशे किलोच्या जोरानें बाहेर ओढीत असतें. अशा ओढीखालीं जो सांगाडा किंचित्‌ही पिळवटेल, तो आज्ञा उशिरां पोंचवील. म्हणून कार्बनच्या तंतूंचे पत्रे आणि नळ्या आल्या. त्या वजनानें हलक्या आणि ताठरपणांत भक्कम असतात.

तिसरी गोष्ट तोलदांडीची. ती सांवरून धरी हें खरें, पण तोच तिचा दोष. आज्ञा पाळावयासहि ती तितकीच नाखूष. त्याशिवाय हवेंत फिरत राहून ती शक्ति खाई ती वेगळीच. २०१० च्या सुमारास तिची जागा विजेच्या एका इवल्याशा पेटीनें घेतली. तिच्यांतील सिलिकॉनचे कण यंत्राचें फिरणें सेकंदाला शेंकडो वेळां मोजतात. वाऱ्यानें कललें तर पेटी लगेच सांवरते, आणि उडविणाऱ्यानें कलविलें तर आड येत नाहीं. दोहोंतला भेद तिला कळतो, कारण आज्ञाहि तिच्याच हातून जाते.

ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि ‘त्रिमिति उड्डाण’ म्हणून एक नवी कला बहरली. पातीं दोन्ही बाजूंनीं सारख्या गोलाईचीं असल्यामुळें त्यांचा कल उलटा केला कीं उचलहि उलटी होते. मग यंत्र पाठीवर उताणें होऊन स्थिर राहूं शकतें, शेंपूट पुढें करून उलटें धांवतें, कोलांट्या घेत घेत जागच्या जागीं गिरक्या मारतें. मोठ्या हेलिकॉप्टरला हें साधत नाहीं.

आतां प्रतीक्षेचें एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. इटलींतील एसएबी नांवाची संस्था पूर्वीं पातीं करण्याविषयीं प्रसिद्ध होती. तिनें २०१२ च्या सुमारास ‘गॉब्लिन ७००’ हें पुरें हेलिकॉप्टर बाजारांत आणलें. त्याच्या आगमनाची चर्चा जगभर झाली, आणि ती केवळ इटालियन रूपामुळें नव्हे. तोंपर्यंत शेंपटाचा दांडा म्हणजे एक बारीक नळी असे. ह्या यंत्रांत तो कार्बनचा रुंद पोकळ कोश होता, आणि पुढच्या टोपाशीं त्याची रेषा अखंड जुळत होती. जाड पोकळ वस्तु बारीक वस्तूपेक्षां पिळाला अधिक दाद देत नाहीं, हें बांबू हातांत धरणाऱ्या कोणालाहि समजेल. मोटरकडून येणारी शक्ति दातेरी चाकाऐवजीं पट्ट्यानें घेतली होती, त्यामुळें खडखड कमी झाली. वाट पाहणाऱ्यांना ह्यांत आपल्या जुन्या तक्रारींचीं उत्तरें दिसलीं. पुढें इतर कारखान्यांनींहि शेंपूट रुंद करण्याचा मार्ग धरला. उत्कंठा सार्थ ठरते ती अशा वेळीं.

परंतु एक अंतर असें आहे कीं, तें कोणत्याहि कारखान्याला कमी करतां आलेलें नाहीं. तें उडविणाऱ्याच्या डोळ्यापासून बोटापर्यंतचें. यंत्र पाठमोरें असतांना त्याचें डावें तें आपलें डावें. तेंच आपल्याकडे तोंड करून आलें, कीं त्याचें डावें तें आपलें उजवें. उताणें झालें, कीं वरचें खालीं. सेकंदाच्या एका अंशांत हा हिशेब बोटांनीं केला पाहिजे, विचार करावयास सवड नाहीं. यंत्र जितकें आज्ञाधारक, तितकी चुकीची आज्ञाहि तें तत्परतेनें पाळतें. जुनें मंद यंत्र शिकाऊ मनुष्याला चूक सुधारण्यापुरता वेळ देई, नवें तेवढा देत नाहीं. म्हणून नवें उत्कृष्ट यंत्र नवशिक्याला सोपें जाईल, ही समजूत घातक आहे.

घातक हा शब्द मीं जाणूनबुजून वापरला. २०१३ सालीं न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागांत एका तरुण आणि चांगल्या सरावाच्या हौशी गृहस्थाचा स्वतःच्याच हेलिकॉप्टरचें पातें लागून मृत्यु झाला. ताशीं ६०० किलोमीटर वेगानें फिरणाऱ्या वस्तूला खेळणें म्हणणें ही भाषेची सवय झाली, वस्तुस्थिति नव्हे.

तेव्हां घरांत असा हट्ट निघाला तर काय करावें? माझें मत असें कीं, ‘नाहीं’ म्हणूं नये, पण क्रम सोडूं नये. आधीं संगणकावरच्या अनुकरण-उड्डाणावर सहा महिने हात बसवावा. तेथें शंभरदां आपटलें तरी खर्च शून्य. मग हातभर लांबीचें लहान यंत्र घ्यावें आणि तेंहि मोकळ्या मैदानावर, जाणत्याच्या देखरेखीखालीं, माणसांपासून दूर उडवावें. गच्ची आणि इमारतीचें आंगण ह्या कामाला मुळींच योग्य नव्हेत. बॅटरी भरतांना खोली सोडून जाऊं नये, कारण दुखावलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊं शकते. आपल्या देशाच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, केवळ शिक्षण, संशोधन वा करमणुकीसाठीं नजरेच्या टप्प्यांत उडविलेल्या नमुन्यांची व्याख्या आहे. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि तांबडा असे विभागहि केलेले आहेत. विमानतळाजवळच्या वस्तींत राहणाऱ्यांनीं आपलें मैदान कोणत्या विभागांत येतें, तें नकाशावर आधीं पाहावें.

आणि ज्यांचा हात बसला आहे व जे नव्या यंत्राच्या वाटेकडे डोळे लावून आहेत, त्यांनीं तीन प्रश्न विचारावे. पात्यांच्या लांबीच्या मानानें वजन किती? शक्ति पोंचविणारे भाग पहिल्यापेक्षां कमी झाले कीं वाढले? आणि आपटल्यावर काय मोडतें, तो भाग आपल्या गांवांत किती दिवसांत मिळतो? आपटणें ह्या छंदांत चुकत नाहीं. ज्याचा मोडका भाग तीन महिने परदेशांतून येत नाहीं, तें यंत्र कितीहि वेगवान असलें तरी कपाटाची शोभा होऊन बसतें. ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असलीं, तर नव्या यंत्राची वाट खुशाल पाहावी. तें हातीं येईपर्यंतचे महिने मात्र जुन्या यंत्रावर सराव करण्यांत घालवावे.