परदेशी निघालेल्या रुग्णाची औषधांची पिशवी

मार्च महिना लागला की विलेपार्ल्यातील आमच्या चिकित्सालयांतून एक ठरावीक प्रकारचा रुग्ण येऊ लागतो. त्याला नवा विकार झालेला नसतो. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये किंवा दुबईत मुलगा वा मुलगी असते, तिकीट हाती आलेले असते आणि मागणी एकच असते : "डॉक्टर, सहा महिन्यांचं औषध एकदमच बांधून द्या. आणि मुलीसाठी बाळंतकाढाही घाला त्यातच." सहारचे आंतरराष्ट्रीय विमानतळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर असल्याने कित्येक जण तर निघण्याच्या आदल्या सायंकाळी येतात. आपणही घाईने चूर्णाच्या पुड्या बांधतो, गोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतो आणि "सकाळ-संध्याकाळ, जेवणापूर्वी" असे सांगून रुग्णास निरोप देतो. ही पिशवी पुढे कोणाच्या हाती उघडली जाणार आहे, याचा विचार आपल्या व्यवसायात फारसा होत नाही. तो व्हावा, आणि तो औषध लिहितानाच व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभी माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी जीर्ण ग्रहणीचे एक वयोवृद्ध रुग्ण दुबईस मुलीकडे निघाले होते. प्रवासात व परमुलखात शौचास वारंवार जावे लागेल, ही त्यांची मुख्य धास्ती. ज्या जातीफलादि चूर्णाने त्यांना येथे उत्तम उपशय मिळाला होता, तेच मी दोन महिन्यांचे बांधून दिले. रात्री केसपेपर आवरताना त्या नोंदीवर दृष्टी गेली आणि अंगावर काटा आला. जातीफलादि चूर्णाच्या पाठात जायफळ, लवंग, वेलची इत्यादी सर्व द्रव्यांच्या समभाग भांग आहे, हे आपण पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाठ केलेले असते. नित्याच्या वापराने ते विस्मृतीत जाते. तत्काळ दूरध्वनी केला. पहाटेचे विमान होते, सामान बांधून दारात ठेवलेले होते. पेटी पुन्हा उघडून ते पुडके काढावयास लावले आणि त्याऐवजी कुटजघनवटीची सीलबंद बाटली घरी पोचती केली. रुग्णाने माझे आभार मानले, याचा मला आजही संकोच वाटतो.

भारतात १९८५च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने गांजाची जी व्याख्या केली आहे, तीत फुलोऱ्याच्या शेंड्यांवाचून असलेली पाने येत नाहीत. म्हणूनच राज्यांच्या नियमांना अधीन राहून विजयायुक्त योग परवानाधारक औषधनिर्मात्यांस करता येतात व आपणांस देता येतात. हा भेद आपल्या सीमेपुरता आहे. संयुक्त अरब अमिरात, सिंगापूर अशा देशांत ती वनस्पती अंमली पदार्थच ठरते आणि शिक्षा कठोर आहेत. जातीफलादि हे नाव उघड आहे, पण बिल्वादि चूर्णाच्या एका प्रचलित पाठातही भांग आहे. मदनानंद मोदकाचे वेगळे सांगावयास नको. कर्पूररस व कामिनीविद्रावण रस यांत अहिफेन असते. यांपैकी कोणतेही औषध परदेशी जाणाऱ्या रुग्णाच्या सामानात असता कामा नये. तेथे 'अल्प मात्रा' हा युक्तिवाद चालत नाही.

याच ओघात खसखशीचा उल्लेख करणे भाग आहे. अमिरातीत खसखस आणण्यास बंदी आहे, सिंगापुरातही ती पूर्वपरवानगीविना नेता येत नाही. आपल्याकडे बाळंतिणीसाठीच्या डिंकाच्या लाडवांत खसखस हमखास पडते. तेव्हा दुबईस कन्येच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आईस औषधांबरोबर लाडवांचेही विचारावे. खसखशीविना लाडू वळता येतात. हा सल्ला मी आजवर अनेक आजीबाईंना दिला आहे आणि दरवेळी त्यांचा चेहरा पडलेला पाहिला आहे.

आता धातूंच्या प्रश्नाकडे वळू. या प्रश्नावर आपल्या सभांतून बरीच आवेशयुक्त भाषणे झाली आहेत. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात डॉ. रॉबर्ट सेपर व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा अथवा सोमल आढळले. त्यानंतर १४ ऑक्टोबर २००५ रोजी आपल्या केंद्रीय आयुष विभागाने आदेश काढून केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. शिसे दहा लाखांत १० भाग, सोमल ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ या त्यासाठीच्या मर्यादा होत. २००८ साली याच संशोधकांनी महाजालावरून मागविलेली १९३ औषधे तपासली. रसौषधींपैकी सुमारे ४० टक्क्यांत धातू आढळणे अपेक्षितच होते. परंतु रसौषधी नसलेल्यांपैकीही सुमारे १७ टक्क्यांत ते सापडले. हा दुसरा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो. पहिल्याचे समर्थन आपण शास्त्राधारे करू पाहतो, दुसरा मात्र कच्च्या मालाच्या व निर्मितीच्या निष्काळजीपणाचा आहे आणि त्याला कोणत्याही ग्रंथाचा आधार नाही.

शोधन-मारणाने धातूचे स्वरूप पालटते, हा आपला शास्त्रार्थ आहे. परदेशातील प्रयोगशाळा मात्र भस्मातील शिसे हे शिसे म्हणूनच मोजते आणि रुग्णाच्या रक्तातील शिसेही मोजते. ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात न्यूयॉर्क शहरातील सहा गर्भवतींचा वृत्तांत आला. भारतात तयार झालेल्या आयुर्वेदीय औषधांच्या सेवनाने त्यांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण वाढलेले होते. गर्भावस्थेत शिसे अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते व त्याच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते, हे आज निर्विवाद आहे. आता आपल्या फडताळाकडे पाहावे. गर्भपाल रसात हिंगूळ आहे आणि नागभस्मही आहे. परदेशी असलेल्या गर्भवती कन्येसाठी आईबरोबर तो पाठविण्याची पद्धत आपल्याकडे होती, क्वचित अजूनही आहे. मी ती सोडली आहे, आणि येथील गर्भिणींनाही तो देत नाही. या बाबतीत मतभेद असणाऱ्या ज्येष्ठांविषयी आदर बाळगूनही मला यात तडजोडीस जागा दिसत नाही.

इतर रुग्णांच्या बाबतीत पर्याय शोधणे तितके कठीण नाही. संधिवातासाठी महायोगराज गुग्गुळ घेणाऱ्यास, ज्यात नाग, वंग, रौप्य व रससिंदूर आहेत, तेवढ्या काळापुरता वनस्पतिज योगराज गुग्गुळ देता येतो. अम्लपित्ताच्या रुग्णास सूतशेखराऐवजी गैरिक व सुंठीचा लघुसूतशेखर पुरतो. सूतशेखरात कज्जलीबरोबर वत्सनाभ व धत्तूरही आहेत. ज्वर-प्रतिश्यायासाठी त्रिभुवनकीर्ती घरोघरी असते, पण तिच्यात हिंगूळ व वत्सनाभ आहे. तिच्या जागी सितोपलादि व गुळवेल घनवटी द्यावी. आरोग्यवर्धिनीला तोडीचा पर्याय मला मिळालेला नाही. तेथे मी प्रवासाच्या दोन महिने आधी रुग्णास बोलावून नवी योजना बसवितो, म्हणजे ती लागू पडते की नाही हे येथेच कळते. निघण्याच्या आदल्या दिवशी औषध बदलणे हे औषध न देण्याहून वाईट.

बाळंतिणीच्या व बालकाच्या औषधांत धातूंखेरीज आणखी एक अडचण आहे. बाळगुटीतील वेखंड अमेरिकेत १९६८ पासून अन्नपदार्थांत वापरण्यास मनाई असलेले द्रव्य आहे, त्यातील असारोन या घटकामुळे. नातवासाठी सहाणेसह बाळगुटीची पुरचुंडी नेणाऱ्या आजीला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ते आपण सांगावे. आणि नवजातास मातेच्या दुधाखेरीज काहीही देण्यापूर्वी तेथील बालरोगतज्ज्ञास विचारण्यास बजावावे. दशमूलारिष्टात संधानजन्य मद्यांश असतो. सौदी अरेबिया व कुवेत येथे जाणाऱ्याने आसवारिष्टे नेऊच नयेत. त्यांस दशमुळाची भरड वा घनवटी द्यावी. अन्यत्रही काचेची ४५० मिलीलिटरची बाटली सामानात फुटून सर्व कपडे कषायरंगी झाल्याच्या कथा पार्ल्यात विपुल आहेत.

देशपरत्वे बंदी बदलते, याची आणखी दोन उदाहरणे सांगतो. सोमलता म्हणून आपण जी एफेड्रा वापरतो, तिच्यातील अल्कलॉइडे असलेली पूरक आहारद्रव्ये अमेरिकेने २००४ साली बंद केली. आणि आपल्याला सर्वथा निर्धोक वाटणारी अश्वगंधा डेन्मार्कने २०२३ मध्ये निषिद्ध ठरविली. म्हणून रुग्ण कोणत्या देशी जाणार व वाटेत कोठे विमान बदलणार, हा प्रश्न केसपेपरवर लिहिला गेला पाहिजे. न्यूयॉर्कला निघालेला रुग्ण दुबईत चार तास थांबतो, तेव्हा दुबईचा कायदाही त्याला लागू असतो.

प्रमाणाविषयी रुग्णांचा मोठा गैरसमज असतो. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन व्यक्तिगत वापरासाठी साधारणतः तीन महिन्यांपर्यंतचा साठा मान्य करते; ऑस्ट्रेलियातही प्रवाशास तीन महिन्यांची मर्यादा आहे; जपानमध्ये वैद्याने लिहून दिलेली औषधे पूर्वप्रमाणपत्राविना एक महिन्याचीच नेता येतात. सहा महिन्यांच्या मुक्कामास निघालेल्याने सहा महिन्यांचे औषध नेण्याचा आग्रह धरू नये, आणि आपणही बांधून देऊ नये. तीन ग्रॅम चूर्ण दिवसातून दोन वेळा म्हटले तरी नव्वद दिवसांचे ५४० ग्रॅम होते. अमेरिकेस जाणाऱ्या विमानात ३५० मिलीलिटरहून अधिक आकारमानाची भुकटी हातसामानात अडविली जाऊ शकते. तेव्हा चूर्णे मोठ्या पेटीत ठेवावीत. शक्य तेथे चूर्णाऐवजी गोळीच द्यावी, हे उत्तम. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांची नित्याची आधुनिक औषधे मात्र पुरेशा दिवसांची हातसामानातच हवीत, कारण मोठी पेटी हरवते. कोडीन व ट्रॅमॅडॉलयुक्त गोळ्यांना अमिरातीत पूर्वपरवानगी लागते. गुडघेदुखीचे वृद्ध रुग्ण या गोळ्या आपल्याला न सांगता घेत असतात, म्हणून पिशवी ओतून पाहावी.

सुट्या पुडीचा मोह सर्वांत घातक. गोदंती, शंख, प्रवाळ, टंकण यांच्या मिश्रणाची पांढरी भुकटी, तीही नाव नसलेल्या पिशवीत, सीमाशुल्क अधिकाऱ्याला कशी दिसेल याची कल्पना करावी. त्याला संशय आला, तर तो दोष त्याचा नव्हे. औषध निर्मात्याच्या मूळ बाटलीत, अखंड लेबलासह, खरेदीच्या पावतीबरोबर असावे. सोबत इंग्रजीतून टंकलिखित औषधपत्र द्यावे : रुग्णाचे पारपत्रावरील नाव, निदान, प्रत्येक योगातील द्रव्यांची लॅटिन नावे, मात्रा, कालावधी, आपली सही व परिषदेचा नोंदणी क्रमांक. रुग्णास तेथे रुग्णालयात दाखल करावे लागले तर हाच कागद उपयोगी पडतो. यष्टिमधु दीर्घकाळ घेणाऱ्याचा रक्तदाब वाढला किंवा पोटॅशियम घटले, तर कारण तेथील डॉक्टरास या कागदावरूनच उमगेल.

प्राणिज व वन्य द्रव्यांविषयी थोडक्यात. मृगशृंग भस्म, मयूरपिच्छ भस्म व कस्तुरीयुक्त योग पाठवूच नयेत. कुष्ठ आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या पहिल्या परिशिष्टात आहे. जटामांसी, सर्पगंधा व कुटकी दुसऱ्या परिशिष्टात असून विक्रीयोग्य सीलबंद तयार औषधांस तेथे सूट आहे, सुट्या मुळांस नाही; पुडीपेक्षा बाटली बरी ठरते ती येथेही. सिद्ध घृते दुग्धजन्य ठरत असल्याने युरोपीय संघात प्रवाशास नेता येत नाहीत. न्यूझीलंडमध्ये मध नेता येत नाही, तेव्हा अनुपान कोष्ण जलाचे सांगावे. जे काही नेले जाईल ते उतरताना अर्जावर घोषित करावे. घोषित केलेले फार तर काढून घेतात. लपविलेल्यावर दंड होतो.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती. परदेशी जाणारे गिऱ्हाईक पुष्कळदा आपल्याकडे न येता थेट आपल्या दुकानात येते. लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना असलेली औषधे, म्हणजे ई-१ अनुसूचीतील विषद्रव्ये ज्यांत आहेत ती, अशा गिऱ्हाइकास देण्यापूर्वी वैद्याकडे पाठवावे. निर्मात्याकडून त्या घाण्याचा जड धातू तपासणी अहवाल मागून घ्यावा. चांगले निर्माते तो देतात. जे टाळाटाळ करतात त्यांचा माल प्रवाशास देऊ नये, आणि येथील रुग्णास तरी का द्यावा, हाही प्रश्न आहेच.

मी वापरत असलेल्या इंग्रजी औषधपत्राचा नमुना, त्यावर नित्याच्या चाळीस योगांतील द्रव्यांची लॅटिन नावे तयार लिहिलेली असून, संघटनेच्या कार्यालयात ठेवला आहे. सभासदांनी त्याची प्रत अवश्य न्यावी, आणि कोणास त्यात एखादे नाव चुकलेले आढळल्यास कळवावे.